व्हॅल्प्रोएट + लॅमोट्रिजिन + क्लोबाझम: गरगरणं, हात कापणं, सकाळची झापड. कशामुळे काय?

रानजाई

धाकटी बहीण, वय २६, वजन ५४ किलो. सकाळी उठल्यावर हातांना झटके आणि अधूनमधून मोठी आकडी, असा आजार. सध्याच्या गोळ्या: सोडियम व्हॅल्प्रोएट क्रोनो ५०० सकाळ-रात्र, लॅमोट्रिजिन १०० सकाळ-रात्र, क्लोबाझम १० रात्री झोपताना.

पाच आठवड्यांपूर्वी लॅमोट्रिजिन ७५-७५ वरून १००-१०० केलं. तेव्हापासून मोठी आकडी नाही. पण सकाळी ७ ला गोळ्या घेतल्या की साडेआठच्या सुमारास गरगरतं, समोरचं दोन-दोन दिसतं, तास-दीड तासात ओसरतं. हात कापतात, चहाचा कप हिंदकळतो. अकरापर्यंत डोळ्यांवर झापड असते. सीबीसी आणि लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. तोवर काय करता येईल आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

"गोळ्याच बंद कर" हा सल्ला घरात रोज फुकट मिळतोय, तो इथे नको.

खलबत्ता

तुम्ही वेळा लिहिल्यात हे फार बरं केलंत. तीन औषधं एकत्र असताना कुठला त्रास कुणाचा, हे घड्याळच सांगतं.

गरगरणं आणि दोन-दोन दिसणं यात पहिला संशय लॅमोट्रिजिनवर. साधी लॅमोट्रिजिनची गोळी पोटात गेल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तात सर्वांत वर चढते. तुमचे साडेआठ त्यातच बसतात. आणि इथे व्हॅल्प्रोएटचा हात आहे. लिव्हर ज्या वाटेने लॅमोट्रिजिन बाहेर काढतं, ती वाट व्हॅल्प्रोएट अडवतं. एकटं लॅमोट्रिजिन साधारण २५ तासांत निम्मं होतं, व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याला ६० तासांच्या आसपास लागतात. म्हणजे तिच्या २०० मिलिग्रॅमचा परिणाम एकट्या लॅमोट्रिजिनच्या ४०० च्या जवळपास जातो. म्हणूनच या जोडीत सुरुवात २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड अशी दोन आठवडे, मग २५ रोज दोन आठवडे, अशी मुंगीच्या पावलांनी करतात आणि पुढचा नेहमीचा डोस १०० ते २०० च्या दरम्यान ठेवतात. २०० म्हणजे चूक नाही, पण वरच्या काठावर आहे.

डॉक्टरांना विचारायच्या तीन गोष्टी, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पहिली, एकूण डोस तोच ठेवून वाटणी बदलता येईल का? उदा. सकाळी ५०, रात्री १५०. व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन रक्तात इतकं टिकतं की या जोडीत ते दिवसातून एकदाही देता येतं. सकाळचं शिखर बुटकं होतं आणि रात्रीचं झोपेत निघून जातं. अडचण एकच, काहींची झोप लॅमोट्रिजिनने उडते, आणि तिच्या आजारात अपुरी झोप म्हणजे आकडीला आवतण.

दुसरी, लॅमोट्रिजिन थोडं उतरवायचं का?

तिसरी, व्हॅल्प्रोएट कमी करायचं का? हे दिसतं तेवढं सोपं नाही. व्हॅल्प्रोएट उतरवलं की अडवलेली वाट मोकळी होते आणि लॅमोट्रिजिनची लेव्हलही आपोआप खाली येते. एकाच वेळी दोन्ही औषधं कमी झाल्यासारखं होतं. तेव्हा हा हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा.

आजपासून करता येण्यासारखं: सकाळच्या गोळ्या नाश्त्यानंतर. खाण्याने लॅमोट्रिजिनची एकूण मात्रा घटत नाही, फक्त शिखर जरा उशिरा येतं. व्हॅल्प्रोएटची मळमळही कमी होते. नाश्ता म्हणजे पोहे-उपमा-भाकरी काहीही, नुसता चहा-बिस्किट नव्हे.

दुपारचा_चहा

एखाद दिवस सकाळची गोळी अर्धी घेऊन बघा ना, लगेच कळेल कुणामुळे होतंय ते.

खलबत्ता

नाही. एक तर ६० तास टिकणाऱ्या औषधाची अर्धी गोळी एक दिवस टाळून लेव्हल फारशी हलत नाही, त्यामुळे कळणार काहीच नाही. दुसरं म्हणजे क्लोबाझम किंवा व्हॅल्प्रोएटबाबत असला प्रयोग केला तर एकामागून एक आकड्या येऊन थेट आयसीयू गाठावं लागू शकतं. क्रोनो गोळी तर चावायची, कुटायची नाहीच. तिच्यातलं औषध हळूहळू सुटावं अशी तिची बांधणी असते, ती मोडली की सगळं एकदम सुटतं. मधे रेघ असली तरी अर्धी करावी की नाही हे त्या ब्रँडच्या पाकिटावर किंवा फार्मासिस्टकडे बघून ठरवा.

भरतीओहोटी

हात कापण्याबद्दल. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका शब्दाखाली येतात आणि बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत त्यांची हमखास गल्लत होते.

कंप असेल तर तो बारीक, एका लयीत असतो. दोन्ही हात समोर पसरून बोटांवर कागद ठेवला तर कागद सतत थरथरतो. दिवसभर असतो, कप ओठांकडे नेताना वाढतो, अक्षर वेडंवाकडं होतं. तो बहुतेक वेळा व्हॅल्प्रोएटचा, डोस जास्त तसा जास्त, आणि लॅमोट्रिजिन जोडीला आलं की वाढतो.

झटका असेल तर हात अचानक, विजेचा धक्का बसावा तसा उडतो. कप हिंदकळत नाही, फेकला जातो. मग काही क्षण काहीच नाही, पुन्हा एक. उठल्यावर पहिल्या तासात, रात्री जागरण झालं असेल तर जास्त. हा दुष्परिणाम नाही, हा आजारच आहे. आणि गंमत अशी की या प्रकारच्या एपिलेप्सीत लॅमोट्रिजिन काही जणांचे झटके वाढवतं. मोठी आकडी थांबली आणि झटके वाढले असं होऊ शकतं.

उपाय एकमेकांच्या उलट आहेत. कंप असेल तर व्हॅल्प्रोएट कमी करण्याकडे कल जातो. झटके असतील आणि व्हॅल्प्रोएट कमी केलं तर पंचाईत. म्हणून तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ काढा: उठल्यावर लगेच एक, गोळीनंतर दोन तासांनी एक, संध्याकाळी एक. प्रत्येकात ३० सेकंद हात पसरलेले आणि मग भरलेला पेला एका हातातून दुसऱ्या हातात. डॉक्टरांना हेच दाखवा.

कंपच निघाला तर चहा-कॉफी किती, दम्याचा पंप चालू आहे का, थायरॉइड तपासलं का, हेही सांगा. तिन्हींनी कंप वाढतो. कधी कधी प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असेल तर ते चालत नाही.

रानजाई

हे माहीतच नव्हतं. कप हिंदकळतो, फेकला जात नाही, आणि संध्याकाळी सही करतानाही हात थरथरतो. व्हिडिओ काढतेच. सकाळच्या गोळ्या सध्या उपाशीपोटी आणि चहासोबत चालल्या होत्या. झापडेचं काय? आणि लॅमोट्रिजिनची लेव्हल करून घ्यावी का?

खलबत्ता

झापड बहुधा क्लोबाझमची, व्हॅल्प्रोएटची थोडी साथ. क्लोबाझम शरीरात मोडून त्याचा जो पदार्थ बनतो तो मूळ औषधापेक्षाही जास्त काळ राहतो, त्यामुळे रोज घेतल्यावर त्याची एक पातळी कायमच असते. तरी वेळ बदलून फरक पडतो. ११ ला घेत असेल तर ९ ला घ्यायला हरकत आहे का ते फोनवर विचारा, फोनवर ठरण्यासारखं आहे. सर्दी-खोकल्याचं, खाजेचं औषध स्वतःहून घेऊ नका. मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या त्या गोळ्यांतलं झोप आणणारं औषध यावर बसलं की सकाळ गेलीच.

लेव्हल करा, पण नीट. सकाळी गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, गोळी डब्यात सोबत न्यायची आणि सुई काढल्याबरोबर खाऊन घ्यायची. लॅबच्या फॉर्मवर आदल्या रात्रीच्या डोसची वेळ लिहायला लावा. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि नसता गोंधळ होतो. लॅमोट्रिजिनसाठी लॅब साधारण ३ ते १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी मर्यादा छापतात, व्हॅल्प्रोएटसाठी ५० ते १००. आकडा मर्यादेत असला म्हणून त्रास खोटा ठरत नाही, दोन औषधं मिळूनही डोकं गरगरवतात.

पायवाट

जरा बाजूचा प्रश्न. वडील, वय ६३, फेनिटॉइन ३०० आणि नंतर जोडलेलं व्हॅल्प्रोएट १०००. चालताना झोकांड्या जातात, जीभ जड. फेनिटॉइन लेव्हल १४ आली, १० ते २० मध्ये आहे म्हणून "औषधामुळे नाही" असं सांगण्यात आलं.

भरतीओहोटी

इथे आकडा फसवतो. फेनिटॉइनचा ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि काम करतो तो सुटा १० टक्के. व्हॅल्प्रोएट त्याला अल्ब्युमिनवरून ढकलून देतं आणि वर त्याचा निचराही मंदावतं. एकूण लेव्हल साळसूद दिसते, सुटी वाढलेली असते. अल्ब्युमिन कमी असेल तर आणखीच. "फ्री फेनिटॉइन" आणि अल्ब्युमिन अशा दोन तपासण्या मागा. आणि मेंदूची तपासणी या निमित्ताने राहून जाऊ देऊ नका, या वयात झोकांड्यांची इतर कारणंही असतात. जीभ जड होणं किंवा तोल जाणं अचानक सुरू झालं असेल, तर तपासण्यांची वाट न बघता थेट इस्पितळ.

फेनिटॉइनची दुसरी खोड: ३०० वरून ४०० केलं तर लेव्हल तिसऱ्या हिश्शाने नाही, दुपटीनेही वाढू शकते, कारण लिव्हरची मोडायची ताकद एका टप्प्यावर संपते. म्हणून डोस ५० किंवा त्याहून कमीने हलवतात. त्यांना कधी टीबीची औषधं सुरू झाली तर न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा. आयसोनियाझिड फेनिटॉइन वाढवतं, रिफाम्पिसिन कमी करतं, आणि दोन्ही एकाच पाकिटात असतात.

दुपारचा_चहा

माझा आधीचा सल्ला मागे. पण पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरायच्या नाहीत. व्हॅल्प्रोएटची गोळी ओल खेचते, पृष्ठभाग चिकट आणि फुगीर होतो. कार्बामाझेपिन (आकडीचंच आणखी एक औषध) दमट हवेत कडक होतं आणि त्याचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. डबी हवीच असेल तर पट्टीच कात्रीने कापून, फॉइलसकट एकेक खण भरा. बाथरूमचं कपाट आणि गॅसवरची फळी, दोन्ही बाद.

ब्रँडही तोच ठेवा. दुकानदार "सेम कंटेंट आहे" म्हणून दुसरा देतो, आणि तीन औषधांत एकाचा ब्रँड बदलला की पुढच्या महिन्यात काय कशाने झालं ते शोधत बसावं लागतं.

खलबत्ता

रानजाई, अपॉइंटमेंटची वाट न बघता कधी निघायचं तेही लिहून ठेवा. अंगावर पुरळ, त्यात ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल: त्याच दिवशी डॉक्टर. व्हॅल्प्रोएटबरोबर लॅमोट्रिजिन असताना हा धोका जास्त असतो, मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांत. उलट्या, गुंगी, बरळणं, नेहमीपेक्षा वेगळं वागणं: व्हॅल्प्रोएटने अमोनिया चढतो, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल असतानाही. पुढे कधी टोपिरामेट हे आकडीचं औषध जोडलं तर हे जास्त लक्षात ठेवा. पोटात वरच्या बाजूला सतत दुखणं, आपोआप काळेनिळे डाग: तेही. मन फार उदास होऊन जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रात्रीचे दोन वाजले तरी.

लॅमोट्रिजिन पाच दिवसांहून जास्त चुकलं तर थेट १००-१०० ने सुरू करायचं नाही. फोन करा, बहुधा पुन्हा खालून चढवावं लागतं.

आणखी एक, वय २६ म्हणून. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतलं तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांत वाढीच्या-शिकण्याच्या अडचणी आढळतात. लग्न, मूल यांचा विचार जवळ असो वा नसो, हा विषय याच भेटीत तिने स्वतः काढावा. बदल करायचा तर महिने लागतात, आणि दिवस गेल्यावर घाबरून गोळी सोडणं हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग. इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी चालू करायची असेल तर तेही आधी सांगा, ती लॅमोट्रिजिनची लेव्हल निम्म्यापर्यंत पाडू शकते. व्हॅल्प्रोएट सोबत असताना हा परिणाम बराच कमी दिसतो, पण पुढे व्हॅल्प्रोएट काढलं की तो उघडा पडतो.

रानजाई

लिहून घेतलं. उद्यापासून सकाळच्या गोळ्या पोह्यांनंतर, व्हिडिओ चालू, आणि वहीत चार रकाने: गोळीची वेळ, त्रास सुरू, त्रास संपला, आदल्या रात्रीची झोप. क्लोबाझम ९ ला चालेल का हे विचारायला सोमवारी फोन करते.

भरतीओहोटी

पाचवा रकाना पाळीच्या तारखांचा. त्याच दिवसांत झटके वाढत असतील तर डॉक्टरांना तेही बघायचं असतं.