शब्दचर्चा: ऐरणीचं ‘पाणी’, बीड आणि घडीव

प्रश्न:
जुन्या बाजारात लोहारकामाची एक ऐरण बघून ठेवली आहे. दुकानदार म्हणतो, “माल घडीव आहे, बिडाचा नाही. पाणीही शाबूत आहे.” अंगावर पुसट इंग्रजी अक्षरं आणि १ २ १४ असे तीन सुटे आकडे आहेत. बीड, घडीव, पाणी यांचा इथे नेमका अर्थ काय? आणि ते आकडे म्हणजे साल का?

प्रतिसाद १:
साल नाही, वजन आहे. डडलीचे पीटर राइट, शेफील्डचं माउसहोल फोर्ज अशा इंग्लंडमधल्या जुन्या कारखान्यांची ही पद्धत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. मधला त्याच्या पावाचा, म्हणजे २८ पौंडांचा. शेवटचे सुटे पौंड. म्हणून मधला आकडा ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या. तुमच्या ऐरणीचे झाले ११२ + ५६ + १४ = १८२ पौंड, म्हणजे साधारण साडेब्याऐंशी किलो. काट्यावर घालून बघा. वजन बरंच कमी भरलं तर शंका घ्या. ब्रुकलिनच्या हे-बडनसारखे अमेरिकी कारखाने सरळ पौंडांतच वजन ठोकत, तिथे हे गणित लावायचं नाही.

अक्षरांवर खडू आडवा घासा, म्हणजे उठतील. पीटर राइटच्या पुष्कळ ऐरणींवर गोलात ‘सॉलिड रॉट’ असं असतं. तुमचा ‘घडीव’ तो हाच.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळवून साच्यात ओतलेलं, आपल्या बिडाच्या तव्यासारखं ठिसूळ. घडीव म्हणजे तापवून घणाखाली आकाराला आणलेलं. या जुन्या इंग्लिश ऐरणींचं धड घडीव लोखंडाचं असतं आणि वर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. पाणी असतं ते या पाटीला. पोलाद लाल तापवून एकदम विझवलं की कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. विळ्या-कोयत्याला देतात तेच. ऐरण आगीत सापडली किंवा कुणी वर वाटेल तसं वेल्डिंग केलं, तर पाणी उतरतं आणि नुसतं बघून ते कळत नाही.

म्हणून पाणी जोखायचं. शेजारी फूटपट्टी उभी धरा आणि १० इंचांवरून बेअरिंगचा छर्रा सोडा. ८-९ इंच उसळला तर ऐरण उत्तम, ५ इंचही आला नाही तर मऊ. हे पाटीवर जागोजागी करा. एकाच ठिकाणी उसळी मेली तर तिथे पाटी धडापासून सुटली असण्याचा संभव आहे. शिंगाला, म्हणजे ऐरणीच्या निमुळत्या टोकाला, लागून जी खालची पायरी असते ती मुळातच मऊ ठेवलेली असते, तिथली उसळी धरू नका. छर्रा नसेल तर कडेला कानस लावून पाहा: घसरली तर पाणी आहे, लोखंड खाल्लं तर नाही.

प्रतिसाद २:
आणि आवाज? आमच्याकडचे लोहार हातोडीनं टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर चिरलेली.

प्रतिसाद १:
बरोबर, पण आवाजावर एकट्यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या फिशर ऐरणींचं धड बिडाचं आणि वर पोलादी पाटी असते. त्या जन्मजात बद्द वाजतात, तरी काम उत्तम देतात. म्हणजे ‘बिडाची ऐरण’ हा शब्दही सरसकट शिवी म्हणून वापरू नये. पोलादी पाटी नसलेली, नुसती बिडाची ऐरण मात्र घेऊ नका, फुकट मिळाली तरी. हातोडीही हलकी आणि बेतानं वापरा. कडक पाटीवर कडक हातोडी जोरात आपटली तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

प्रतिसाद ३:
थोडं अवांतर. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ असं पेपरात रोज वाचतो. ‘मुद्दा ऐरणीवर पडून आहे’ हे चालेल का?

प्रतिसाद १:
मला तरी चालणार नाही. ऐरणीवर लोखंड ठेवतात ते लाल असतानाच, आणि लगेच घाव घालतात. पडून राहिलं की निवतं. रखडलेल्या गोष्टीला ‘भिजत घोंगडं’ आहेच की. ऐरणीवर येतो तो प्रश्न तापलेला हवा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. छर्रा सगळीकडे ८ इंचांच्या वर उसळला. कडा मात्र दोन ठिकाणी उडाल्या आहेत आणि मध्ये किंचित खोलगट झाली आहे. मशीनवर घासून सपाट करून घेऊ का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. घासाल ती पोलादी पाटी, आणि ती मुळातच अर्ध्या इंचाची. ती पातळ झाली की ऐरणीचा जीवच गेला. खोलगट जागा वाकलेली पट्टी सरळ करायला उलट कामी येते. उडालेल्या कडांचे टोकदार कंगोरे हातकानशीनं गोल करा, नाहीतर तापल्या लोखंडावर त्यांचे वळ उठतील. भाव करताना मात्र या दोन्ही गोष्टी दुकानदाराला बोट ठेवून दाखवा. पाण्याबद्दल तो खरं बोलला आहे, तेव्हा फार ताणू नका.