शब्दचर्चा: थेंबातला जिवाणू हलतो, थरथरतो की पोहतो? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी गावं दिली आहेत.)

रत्नागिरी: प्रथम वर्षाच्या मुलांसाठी प्रयोगवहीचा मराठी मसुदा करते आहे. भाट्याच्या खाडीचं पाणी, खळग्याच्या काचपट्टीवर लटकता थेंब, ४०च्या भिंगाखाली निरीक्षण. मुलं सरसकट लिहितात, 'जिवाणू हलताना दिसले.' 'मोटाइल'साठी 'चलनशील' हा शब्द आहेच. पण निरीक्षणाच्या रकान्यात क्रियापद कोणतं लिहायला सांगू? 'हलणे' चालेल?

मालवण: 'हलणे' नको, ताई. पान हलतं, दात हलतो, पाळणा हलतो. या क्रियापदात हलणारा आणि हलवणारा वेगळे पडत नाहीत, आणि तुमच्या प्रयोगात तर नेमकं तेच ठरवायचं आहे. थेंबात मेलेला जिवाणू हलतो, गाळाचा कणही हलतो. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडकत असतात, त्या धडका कधीच सारख्या पडत नाहीत, म्हणून मायक्रोमीटरभराचा कण सतत अस्थिर राहतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७मध्ये परागकणांतून बाहेर पडलेल्या बारीक कणांत हे पाहिलं (खुद्द परागकण नाचत होते असं पुष्कळदा छापलं जातं, ते चूक). याचा जिवंतपणाशी संबंध असेल का, हे तपासायला त्याने काचेची, दगडांची, अगदी स्फिंक्सच्या तुकड्याचीही पूड पाण्यात घालून पाहिली. सगळं तसंच हलत होतं. १९०५मध्ये आइन्स्टाइनने त्याचं गणित मांडलं.

या हालचालीला मी 'थरथर' म्हणेन. थरथरणारी वस्तू जागा सोडून निघून जात नाही, हे मराठी वाचकाच्या कानाला आपोआप कळतं.

दापोली: पण सर, ब्राउनी गतीतला कणही हळूहळू जागा सोडतोच ना? मग 'थरथर' काटेकोर कशी?

मालवण: सोडतो, पण अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. मायक्रोमीटरभर व्यासाचा कण पाण्यात सेकंदाला सरासरी सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास सरकलेला दिसेल. शंभरपट वेळ दिलात तरी अंतर दहापटच, म्हणजे बारा-तेरा मायक्रोमीटर. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू एका सेकंदात वीसेक मायक्रोमीटर जातो. डोळा लावून बसलेल्या मुलाच्या वेळात तो कण 'तिथेच थरथरतो आहे' असंच दिसतं. शब्द त्या वेळेपुरता खरा आहे, आणि तेवढं पुरे.

देवगड: आमच्याकडे पाण्यातले किडे 'वळवळतात'. तो शब्द का टाकायचा?

मालवण: टाकायचा नाही, जपून वापरायचा. वळवळीत शरीर वाकतं. ई. कोलायची काठी ताठ असते, फिरते ती कशाभिका, म्हणजे चाबकासारखी बारीक शेपटी. सेकंदभर सरळ धाव, क्षणभर गटांगळी, मग नवी दिशा. तिथे 'पोहणे' किंवा 'धावणे'. पटकीचा जिवाणू तर एका टोकाच्या एकाच कशाभिकेवर असा निघतो की 'सुसाट' हेच क्रियाविशेषण लावावं.

'वळवळ' शोभते मळसूत्री जिवाणूंना. पण इथेच कोकणातल्या प्रयोगशाळांनी शब्दाची काळजी घ्यायला हवी. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरा या मळसूत्री जिवाणूमुळे होणाऱ्या तापाची, धास्ती असते. रुग्णाच्या रक्ताचा थेंब कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाखाली (काळ्या पार्श्वभूमीवर वस्तू उजळ दिसते तो) पाहिला, तर रक्त गोठताना बनणारे फायब्रिनचे धागे आणि तांबड्या पेशींचे तुकडेही रेणूंच्या धडकांनी वळवळल्यासारखे दिसतात. ते लेप्टोस्पायरा समजले गेल्याची नोंद वैद्यकात जुनी आहे. म्हणूनच तेवढ्या एका तपासणीवर निदान ठरवत नाहीत. 'वळवळणारे धागे दिसले' हे निरीक्षण झालं. 'लेप्टो दिसला' हा निष्कर्ष झाला.

रत्नागिरी: आणि सगळेच एका दिशेने चाललेले दिसतात तेव्हा? मुलांना तेच सगळ्यात जिवंत वाटतं.

मालवण: ते 'वाहणे'. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन होतं, दिव्याची उष्णता लागते, काच नीट बसलेली नसते, आणि पाणी ओढ घेतं. खळग्याच्या कडेला व्हॅसलिन लावून काच हवाबंद करायची ती यासाठीच. भरतीबरोबर खाडीत शिरणारं नांगर सुटलेलं होडकं आणि वल्हवलेलं होडकं किनाऱ्यावरून ओळखू येतं, कारण वल्हवलेलं पाण्याला आडवं किंवा उलटं जाऊ शकतं. मुलांना हेच शोधायला सांगा: शेजारचे दोघे एकमेकांच्या विरुद्ध गेले का? शंका उरली तर त्याच नमुन्याला जिवाणू मारणारं फॉर्मॅलिन घालून दुसरी काचपट्टी करा. थरथर आणि वाहणं शिल्लक राहील, पोहणं थांबेल.

दापोली: न पोहणाऱ्याला 'अचल' म्हणावं का?

मालवण: माझ्या मते नको. स्टॅफिलोकॉकस या गोल जिवाणूला कशाभिका नाही, पण तो थेंबात स्वस्थ कुठे असतो? 'अचल' वाचून मूल स्थिर ठिपका शोधत बसेल. 'चलनरहित' बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'चलनशील' हा गुण आहे, त्या घटकेची क्रिया नव्हे. लिस्टेरिया हा जिवाणू २५ अंश सेल्सिअसला वाढवला तर गटांगळ्या खात पोहतो, ३७ अंशांना वाढवला तर जवळपास नाहीच. संवर्धन जुनं झालं, प्राणवायू संपला, तरी चांगला पोहणारा जिवाणू थबकतो. म्हणून वहीत 'चलनशीलता दिसली नाही' एवढंच लिहावं. 'चलनशील नाही' लिहायला आणखी पुरावा लागतो.

रत्नागिरी: पटलं. 'पोहतो, थरथरतो, वाहतो' असे तीन रकाने करते. फक्त खाडीच्या पाण्यात होडीच्या आकाराचे डायाटम (कवचधारी एकपेशीय शैवाल) सावकाश पुढे-मागे जातात. कशाभिका दिसत नाही, मग त्यांना 'पोहतात' म्हणू?

मालवण: 'सरकतात' म्हणा. ते कवचातल्या चिरेतून चिकट द्रव्य सोडून पृष्ठभागाला धरून पुढे जातात, पाणी कापत नाहीत. चौथा रकाना करावा लागेल.