कर्लिंगमध्ये महिला खेळाडूंची कारकीर्द इतकी दीर्घ कशी असते?

प्रश्न:
कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्यवर्तुळाच्या केंद्राजवळ नेण्याचा सांघिक खेळ. त्यात कॅनडाच्या कॉलीन जोन्स यांनी राष्ट्रीय महिला विजेतेपद पहिल्यांदा १९८२ मध्ये मिळवले, दुसरे १९९९ मध्ये, आणि त्यानंतर २००१ ते २००४ अशी सलग चार वर्षे ते स्वतःकडेच ठेवले. बहुतेक खेळांत तिशी उलटली की निवृत्तीची भाषा सुरू होते. येथे मात्र खरा बहर चाळिशीच्या आसपास आला. या खेळात शरीराला कष्टच नसतात, म्हणून हे जमते, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १:
कष्ट नसतात हा समज निव्वळ चुकीचा आहे. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकत असताना त्याच्या पुढे वाकून, अंगाचा भार ब्रशवर टाकून बर्फ घासत जावे लागते, कारण घासल्याने घर्षण घटते, दगड लांब जातो आणि कमी वळतो. दहा एंडच्या (एंड म्हणजे दोन्ही संघांचे सर्व दगड सोडून होणारी एक फेरी) सामन्यात संघातर्फे आधी दगड सोडणाऱ्या पहिल्या दोन खेळाडूंवर अशी साठेक दगडांमागे धावण्याची वेळ येऊ शकते.

स्किपचे, म्हणजे कर्णधाराचे, काम मात्र वेगळे असते. ती बहुतेक वेळ पलीकडच्या टोकाला उभी राहून बर्फ वाचत असते. सामन्याआधी बर्फावर पाणी शिंपडून जे बारीक दाणे उठवलेले असतात, ते खेळ पुढे सरकतो तसे झिजतात. ज्या वाटेने दगड वारंवार गेले तेथील वेग बदलतो, आणि पहिल्या एंडला अचूक ठरलेला अंदाज आठव्या एंडला फसतो. हे ज्ञान वर्षानुवर्षे खेळूनच येते, म्हणून दीर्घ कारकिर्दी प्रामुख्याने स्किपच्याच दिसतात.

प्रतिसाद २:
वरील विवेचनाशी सहमत आहे. पण केवळ अनुभव साठवून भागत नाही, तो मोडून पुन्हा घडवावा लागतो. जर्मनीच्या आंद्रेया शोप यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्या १९८८ मध्ये ग्लासगोला जगज्जेत्या झाल्या आणि पुन्हा २०१० मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, कॅनडातील स्विफ्ट करंट येथे. त्या दुसऱ्या अंतिम सामन्यात समोर स्कॉटलंडची १९ वर्षांची ईव्ह म्यूरहेड होती, जिचा जन्मही शोप यांच्या पहिल्या विजेतेपदानंतरचा! सामना जादा एंडपर्यंत ताणला गेला आणि तो शोप यांनी जिंकला.

मधल्या काळात खेळच पालटला होता. पूर्वी आघाडी मिळालेला संघ प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक दगड उडवून बर्फाचा पट मोकळा ठेवत असे. १९९० च्या दशकात आलेल्या नियमाने एंडच्या सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याने लक्ष्यवर्तुळाच्या पुढे आडोशाला ठेवलेले दगड उडवण्यास मनाई केली, आणि नाजूक, आडून येणाऱ्या फटक्यांचे महत्त्व एकदम वाढले. जुन्या पद्धतीत वाढलेल्या खेळाडूला डावपेचांचा विचारच नव्याने करावा लागला. माझ्या मते शोप यांचे मोठेपण येथे आहे.

प्रतिसाद ३:
पोटापाण्याचा मुद्दा राहिला. कॉलीन जोन्स दूरचित्रवाणीवर पत्रकार होत्या, शोप संख्याशास्त्रज्ञ, तर २०१४ मध्ये सोचीला एकही सामना न हरता ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या जेनिफर जोन्स पेशाने वकील. नोकरी सांभाळून सराव करायचा, आणि त्यातच पदकांची अपेक्षा बाळगायची, हे सोपे नाही. शिवाय इतके करूनही सारे मिळतेच असे नाही: राष्ट्रीय पातळीवर सहा वेळा आणि जागतिक पातळीवर दोनदा जिंकूनही कॉलीन जोन्स यांना खेळाडू म्हणून ऑलिंपिक लाभले नाही.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. कॉलीन जोन्स २००४ नंतर थांबल्या का, हेही कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३:
नाही, थांबल्या नाहीत. २०१० मध्ये त्यांना मेंदुज्वराचा गंभीर आजार झाला होता. त्यातून सावरून त्या पुन्हा बर्फावर उतरल्या आणि २०१७ मध्ये, पन्नाशीपुढील खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, लेथब्रिज येथे त्यांच्या संघाने विजेतेपद मिळवले.