'एक्स्टर्नॅलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पर्यावरणाच्या अर्थशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच पानावर 'एक्स्टर्नॅलिटी'पाशी अडलोय. 'बाह्यता' असा शब्द आहे खरा, पण तो वाचून कोणाला काही कळेल असं वाटत नाही. सरळ 'दुष्परिणाम' लिहू का? कागदाच्या कारखान्याचं सांडपाणी नदीत जातं आणि खालच्या अंगाला मासे मरतात. हा दुष्परिणामच की.

प्रतिसाद

'दुष्परिणाम' नका लिहू. औषधाचा दुष्परिणाम औषध घेणाऱ्यालाच भोगावा लागतो. इथे सौदा दोघांचा असतो आणि झळ तिसऱ्यालाच बसते. कोणाची म्हैस नि कोणाला ऊठबस! कागद विकणाऱ्याला नफा झाला, घेणाऱ्याला कागद स्वस्त मिळाला, आणि मेलेल्या माशांचा खर्च दोघांच्याही हिशेबात नाही. त्यामुळे कागद खऱ्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो आणि म्हणून गरजेपेक्षा जास्त खपतो. धोरणाच्या दृष्टीने मुख्य मुद्दा हाच आहे आणि 'दुष्परिणाम' या शब्दात तो येत नाही.

शिवाय एक्स्टर्नॅलिटी चांगलीही असते. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ मध्ये सफरचंदाच्या बागेचं उदाहरण दिलं होतं. फुलांतला मकरंद शेजाऱ्याच्या मधमाश्या नेतात, मध शेजारी विकतो, बागवाल्याला त्याचा पैसा मिळत नाही. याला 'दुः' कसा लावणार?

प्रतिसाद

'बाह्य' कुठून आलं तेही बघायला हवं. अर्थतज्ज्ञ मार्शल यांनी १८९० मध्ये 'बाह्य बचती' मांडल्या, म्हणजे उद्योगसंस्थेच्या बाहेरून तिला होणारा फायदा. पुढे पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात उलटी बाजूही तपशिलात दाखवली. आगगाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडतात, रुळांलगतचं रान जळतं आणि रेल्वे त्याची भरपाई देत नाही. तेव्हा बाह्य म्हणजे निसर्गातलं किंवा परकं असं नव्हे, किमतीच्या बाहेर राहिलेलं. मी तरी 'बाह्य परिणाम' वापरतो आणि पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात फोड करतो.

प्रतिसाद

'परभार' कसा वाटतो? पर अधिक भार. छोटा आहे, अर्थही उघड आहे.

प्रतिसाद

ऐकायला छान आहे, पण 'परभारे' आपल्याकडे 'परस्पर' या अर्थाने आधीच रुळलेला आहे, त्यामुळे घोटाळा होईल. आणि मधमाश्यांचं उदाहरण पुन्हा बाहेरच राहतं.

दुसरं म्हणजे 'भार' म्हटलं की कोणी कोणावर टाकला हे आधीच ठरून जातं. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांचा १९६० चा निबंध नेमका यावरच बोट ठेवतो. त्यात १८७९ चा एक इंग्लिश खटला आहे. मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षं चालू होते. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. डॉक्टर जिंकला. कोस म्हणतात, नुकसान दोघांच्या शेजारामुळे होतं. हक्क कोणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर दोघं आपसांत तोडगा काढू शकतात. नदीकाठी हजारो माणसं असतील तर अशी बोलणी जमत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे कर किंवा मर्यादा हवीच.

प्रतिसाद

कराचा विषय निघालाच आहे तर एक विनंती. 'पोल्यूशन टॅक्स'ला कृपा करून 'प्रदूषण दंड' लिहू नका. वर्तमानपत्रांत हे वाचलं की जीव कळवळतो. दंड गुन्ह्याला असतो. पिगूंच्या विचारातला कर म्हणजे राहून गेलेली किंमत. स्वीडनने १९९१ पासून कार्बनवर कर घेतला, म्हणून तिथे इंधन जाळणं गुन्हा ठरलं नाही. ते महाग झालं, एवढंच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बाह्य परिणाम' पक्का. 'इंटर्नलाइज'साठी 'अंतर्गतीकरण' लिहिलं होतं, ते खोडलं. तिथे 'हिशेबात धरणे' घेतोय. वाक्य आता असं झालंय: 'नदीचं नुकसान कागदाच्या किमतीत धरलं, तर कागद महागेल आणि सांडपाणी शुद्ध करणं कारखान्यालाच परवडू लागेल.'