'शुगर बॉर्डरवर आहे' ऐकल्यावर तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

परळचा_भातखाऊ:
दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीत आरोग्य शिबिर होतं, फुकट म्हणून मी पण रांगेत. बोटाला टोचल्यावर तिथला पोरगा म्हणाला काका एकदा लॅबमध्ये करून घ्या. वय ४३, तेव्हा शुगरपेक्षा 'काका'च जास्त लागलं. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, आली ६.१. डॉक्टर म्हणाले "बॉर्डरवर आहे, गोड जरा कमी करा" आणि बेल वाजवून पुढचा पेशंट. मी चहातली साखर बंद केली, घरात दहा वेळा सांगितलं, आणि रात्रीचा डोंगराएवढा भात नि ऑफिसखालचा चारचा वडापाव तसाच चालू. बॉर्डरवर म्हणजे अजून आपल्या हद्दीत आहोत असाच अर्थ घेतला ना मी. दीड वर्षाने ६.४. मग एका आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर रेघ ओढली, ५.७च्या खाली नॉर्मल, ६.५पासून डायबिटीस, आणि तुम्ही इथे, म्हणून पेन टेकवलं. पेन जवळजवळ रेघेच्या टोकाला होतं. तेव्हा कळलं.

तर ज्यांना अजून शुगर नाही पण होऊ शकते त्यांना नेमकं काय सांगितलं की डोक्यात शिरतं? काय उपयोगी पडलं, काय फुकट गेलं, दोन्ही लिहा. गोळ्यांचे डोस नकोत प्लीज.

सुमनताई_वस्तीतली:
मी आरोग्य सेविका आहे, सतरा वर्षं झाली. पोस्टर कोणी वाचत नाही हे आधीच सांगते. 'व्यायाम करा' म्हटलं की बायका हसतात, पहाटे पाचला पाणी भरतात आणि दिवसभर चार घरची कामं, त्यांना मी काय व्यायाम सांगणार. माझं हत्यार म्हणजे शिंप्याची टेप. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर, पुरुषाची ९०च्या वर गेली तर सांभाळा. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेचा एक रिस्क स्कोअर आहे, म्हणजे शुगर होण्याचा धोका किती त्याचे मार्क, त्यात चारच गोष्टी, वय, कंबर, आईवडिलांना शुगर आहे का, आणि हालचाल किती. रक्त नको काही नको. शंभरपैकी ६० किंवा वर आले की तपासणीला पाठवायचं.

दुसरं म्हणजे मी साखर किती खाता असं विचारतच नाही, सगळे 'थोडीशीच' म्हणतात. महिन्याला किती किलो आणता विचारते. पाच माणसांत पाच किलो म्हणजे माणशी एक किलो, म्हणजे दिवसाला ३३ ग्रॅम, सहा-सात चमचे. डब्यातून चमच्याने काढून ताटलीत ठेवते. ताटलीतला ढीग बघून सासवासुनांचं भांडण लागतं की एवढी संपवतं कोण, पण पुढच्या महिन्यात चार किलो येते 😄

८_१२_बदलापूर:
वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला शुगरने, तरी मी ३८ वर्षांचा होईपर्यंत एकदाही टेस्ट केली नाही. भीतीच. सगळे म्हणायचे चालत जा, अरे पण चार तास ट्रेनमध्ये जातात, चालू कधी? शेवटी कंपनीतल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं स्टेशनहून ऑफिसला कसे येता. शेअर टॅक्सीने. बस्स, तेच बंद केलं, सीएसएमटीला उतरून मंत्रालयाच्या बाजूला चालत, अर्धा तास धरा, आठवड्यातले पाच दिवस म्हणजे १५० मिनिटं झाली, तेवढीच सांगतात. मे महिन्यात घामाने पार वाट लागते म्हणून ड्रॉवरमध्ये एक शर्ट असतो. पावसाळ्यात बोंबच आहे, खोटं कशाला बोलू.

मुलुंडची_मीनल:
मला प्रेग्नन्सीत शुगर होती, डिलिव्हरी झाली आणि रिपोर्ट नॉर्मल. डिस्चार्ज देताना बाळाच्या लसींचा कागद दिला पण मला पुढे शुगरचा धोका आहे, दीड-दोन महिन्यांनी टेस्ट करायची आणि नंतरही अधूनमधून करत राहायची, हे कोणी म्हणजे कोणी बोललं नाही. सासूबाईंनी प्रेमाने डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मी पण खाल्ले. आठ वर्षांनी भलत्याच कारणाने रक्त तपासलं तर ६.३. त्या हॉस्पिटलचा मला आजही राग आहे. ज्यांना प्रेग्नन्सीत शुगर होती त्या सगळ्यांनी आज फोनमध्ये रिमाइंडर लावा.

काडीपैलवान:
मी ५८ किलो. मला कोण सांगणार? ६.० निघाली तेव्हा लॅबवाल्याची चूक वाटून दुसरीकडे केली, तिथे पण ६.०. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२च्या आसपास, पण अंगातली चरबी युडकिनांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१. मित्राने तो फोटो पाठवला आणि मी आरशासमोर शर्ट वर करून उभा. काड्यांसारखे हातपाय आणि मधे गणपती.

गोरेगावकर_नाना:
एवढं कशाला, रोज सकाळी कारल्याचा रस घ्या. आमच्या ग्रुपवर आलंय, शुगर मुळापासून जाते.

परळचा_भातखाऊ:
नाना, रस घ्या हवा तर, पण त्यावर दोन जिलब्या नकोत 😀 चेन्नईलाच डॉ. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ लोकांवर अभ्यास केला, २००६ला छापून आला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना डायबिटीस झाला, खाण्यापिण्यात आणि चालण्यात बदल करायला सतत मागे लागून मदत केली त्यांच्यात ३९. म्हणजे ३९ना तरीही झालाच, जादू नाही. पण माझ्यासारख्याला 'गोड कमी करा' म्हणून सोडून दिलं ते पहिल्या गटात. नंतर त्यांनी मोबाईलवर मेसेज पाठवूनही करून बघितलं, त्याचाही फायदा दिसला, २०१३ला आलं ते. म्हणजे नाना, मेसेजने होतं, फक्त तुमच्या ग्रुपवरच्या नाही.

माझं म्हणाल तर भात एक वाटी, आधी कोशिंबीर नि उसळ, मग भात. सध्या ५.९.

मुलुंडची_मीनल:
आणि उपवास? एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळं. आमच्याकडे उपवासालाच सगळ्यात जास्त खाणं होतं.

सुमनताई_वस्तीतली:
वरईचा भात पण वाडगाभर नको. शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी. उपवास सोडा असं मी कधीच सांगत नाही, पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत.

८_१२_बदलापूर:
धागा आईला वाचून दाखवला. उद्या सकाळी उपाशीपोटीच्या टेस्टला नेतोय. गेल्या वेळी 'अर्धाच कप' चहा पिऊन गेली होती, आणि तो पण साखरेचा, म्हणून आज रात्री दूधच आणलं नाही.