जपानी चित्रकार हिरोशिगेसारखं वरून खाली फिकं होत जाणारं आभाळ लाकडी ठशावर जमत नाही

वैनगंगाकाठ:
धानाच्या बांध्या, मागे बोडी (छोटं तळं), वर आभाळ असं चित्र आहे. फळी सागवानाची, कागद हातकागद, रंग पोस्टर कलर. निळा हळूहळू विरायला हवा, पण मधेच रेघ उमटते आणि गडद भागात पांढरे ठिपके राहतात. हिरवा तर रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेर जातो. काय चुकतंय?

कोरीवकाम:
रेघ पडते कारण तिथलं लाकूड कोरडं आहे. या छटेला बोकाशी म्हणतात आणि ती कोरायची नसते, दर कागदाला ठशावर नव्याने रंगवायची असते. निळा जिथे संपायला हवा तो पट्टा ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. रुंद ब्रश ओला करा, रंग त्याच्या एकाच कोपऱ्याला घ्या. तो कोपरा कायम वरच्या कडेला ठेवून ब्रश आडवा फिरवा. मधेच उलटा धरला की छटा गेलीच.

ठिपके येतात ते खळ कमी पडल्याने किंवा कागदाची पाठ घासताना जोर कमी लागल्याने. एक चमचा तांदळाचं पीठ, पाच चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर शिजवा. ठशावर वाटाण्याएवढी पुरे.

पोस्टर कलर सोडा भाऊ. त्यातल्या भरणीमुळे तो कागदावर थर धरून बसतो, आत मुरत नाही. प्रशियन ब्लूची पूड पाण्यात घोटून घ्या. होकुसाई-हिरोशिगे या जपानी चित्रकारांच्या १८३० नंतरच्या समुद्राला आणि आभाळाला हाच निळा आहे.

धुऱ्यावरचा:
हिरवा सरकतो तो कागद सुकून आकसल्यामुळे. आदल्या रात्री कागद ओलसर करून गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि सगळे रंग होईपर्यंत ओल तेवढीच टिकवा. मे महिन्यात छपाई पहाटेच उरका. कुलरचा झोत ठशावर नको. प्रत्येक ठशावर खुणेच्या दोन खाचा हव्यात, जपानीत केन्तो: उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी, खालच्याच कडेला डावीकडे सरळ. खोली जेमतेम एक मिलिमीटर, भिंत उभी. कागद आधी कोपऱ्यात टेकवायचा, मग डावीकडे.

वैनगंगाकाठ:
आणि सागवान चालेल का?

कोरीवकाम:
आभाळाला चालेल, पण त्याच्या रंध्रांच्या रेघा छपाईत दिसतील. बारीक रेषांच्या मुख्य ठशाला नको, कडा तुटतात. जपानात डोंगरी चेरी वापरतात. आपल्याकडे हळदूच्या लाकडाचा पोत बारीक आणि एकसारखा असतो. फळी लाकडाच्या रेषा लांबीने जातील अशी, पूर्ण वाळलेली घ्या.

हातकागदाचे तंतू ठशाला चिकटत असतील तर आधी सरस-तुरटीच्या पाण्याचा हात द्या. तुरटी बेताने, नाहीतर कागद पुढे ठिसूळ होतो.