घर मोजता येतं, कुटुंब कसं मोजायचं?

वळचण:
परवा मुलाच्या शाळेचा फॉर्म भरत होते. 'कुटुंबातील व्यक्ती' खाली चार ओळी. मी, मुलगा, आणि तिसऱ्या ओळीवर पेन अडलं. घटस्फोटानंतर मुलाचे बाबा दुसऱ्या शहरात राहतात, पण अर्धी फी तेच भरतात आणि मुलाला ताप आला की रात्री दोनलाही फोन उचलतात. माझी मैत्रीण सहा वर्षं आमच्या घरात राहते. निम्मा घरखर्च तिचा, गणिताचा अभ्यास तीच घेते. ते घरात नाहीत, ही नात्यात नाही. दोघांना वगळलं तर आम्ही मायलेकच उरतो, आणि ते खरं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेसाठीच्या शिफारशींतही घर आणि कुटुंब वेगळं धरलंय. एकत्र राहून खाण्यापिण्याची सोय सामायिक करणारे ते एक घर, नातं असो वा नसो. कुटुंब म्हणजे मात्र रक्त, लग्न किंवा दत्तक. माझं म्हणणं, दोन्ही मापं अपुरी आहेत. अडीनडीला जो उठून येतो तो कुटुंबातला.

जुनं_खोड:
ताई, उठून तर शेजारीही येतात. उद्या मैत्रिणीला दुसरीकडे नोकरी लागली तर ती बॅग भरून जाईल आणि तिला कोणी जाब विचारणार नाही. तुमच्या मुलाच्या वडिलांना मात्र लग्न मोडूनही फी चुकली नाही. निघून जाता येत नाही म्हणूनच त्याला कुटुंब म्हणायचं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉकने १९४९ साली २५० समाजांची माहिती ताडून पाहिली आणि आईबाप-मुलं हे एकक सगळीकडे असतं असं सांगितलं. पूर्वी तर त्याभोवती घरं भरलेली असायची. हल्ली जो तो आपल्या सोयीला कुटुंब म्हणतो.

टाचणी:
खोडसाहेब, मर्डॉकच्या व्याख्येत एकत्र राहणंही होतं. तिथेच तो अडकला. केरळातल्या नायरांच्या जुन्या तरवाडांत, म्हणजे आईकडून वंश चालणाऱ्या एकत्र घरांत, नवरा बायकोच्या घरी नांदत नसे, मुलं आईच्या माणसांत वाढत. आणि भरलेली घरं कुठली? इतिहासकार पीटर लॅस्लेटने इंग्लंडमधल्या जुन्या गावयाद्या चाळल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत घरटी सरासरी माणसं पावणेपाच, तीही नोकरचाकर धरून! लग्नं उशिरा व्हायची, माणसं लवकर जायची. तीन पिढ्या एका छताखाली यायच्या तर आजोबा जिवंत तर हवेत.

सावत्र आईबापही नवे नाहीत. पूर्वी ते मरणामुळे यायचे, आता घटस्फोटामुळे येतात, एवढाच फरक.

दुसरी_किल्ली:
आणि आम्ही एकटे राहणारे? अमेरिकेत १९४० साली एकट्या माणसाची घरं ८ टक्क्यांच्या आत होती, २०२० मध्ये २७ टक्क्यांच्या वर गेली. जपानमध्ये २०२० च्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के. लगेच 'कुटुंब मोडलं' म्हणून गळे काढू नका. आयुष्य वाढलं, पेन्शन आली, बायका कमावू लागल्या. पूर्वी ज्या विधवेला कुणाच्या तरी घरात कोपरा धरून राहावं लागे, तिला आता स्वतःचं दार आहे. माझ्या दाराची एक किल्ली बहिणीच्या पर्समध्ये असते. जनगणनेत आम्ही दोन घरं.

सहीशिक्का:
बहिणींचा विषय निघालाच आहे तर बर्डन भगिनींचं प्रकरण घ्या. दोघी ब्रिटनमधल्या, वृद्ध, अविवाहित, जन्मभर एकत्र राहिलेल्या. एक गेली तर दुसरीला वारसा कर भरायला घर विकावं लागेल ही भीती. नवरा-बायकोला आणि नोंदणीकृत समलिंगी जोडीदारांना सूट, आम्हाला का नाही, म्हणून त्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. २००८ मध्ये १५ विरुद्ध २ मतांनी हरल्या. रक्त होतं, छत होतं, वळचणताईंचं 'उठून येणं'ही होतं. न्यायालयाने पाहिलं ते हे की जोडीदारांनी जाहीरपणे हक्क-कर्तव्यं पत्करलेली असतात, बहिणींनी तसं केलेलं नाही. फ्रान्सने १९९९ मध्ये लग्नाविना नोंदणीची सोय केली, तीही सख्ख्या भावंडांना बंद.

जुनं_खोड:
तेच तर म्हणतोय. पत्करणं महत्त्वाचं.

टाचणी:
अहो, पण तुमचं आधीचं माप निघून जाता न येण्याचं होतं. त्या दोघी जन्मात कुठे निघून गेल्या? त्यांना पत्करायची सोयच नव्हती. दार बंद ठेवायचं आणि आत का आला नाहीत म्हणून विचारायचं?

जुनं_खोड:
बरं, हा मुद्दा मान्य. तरी सहा वर्षांची मैत्रीण आणि जन्माची बहीण एका मापात नकोत. ताई, मुलाला शाळेतून न्यायला कोण येईल याचा वेगळा रकाना असेलच. मैत्रिणीचं नाव तिथे घाला, काम भागेल.

वळचण:
आहे ना. त्यातही 'विद्यार्थ्याशी नाते' विचारलंय.